मॉनिटर दोन, मांडणी एक

तळेगाव, वडगाव, कामशेत ते लोणावळा या मावळच्या पट्ट्यात घरच्या टेबलावर लॅपटॉप आणि शेजारी वेगळा मॉनिटर हे चित्र आता सर्रास दिसतं. मार्च २०२० मध्ये हिंजवडीतल्या कंपन्यांचं काम घरी आलं आणि कार्यालयं पुन्हा उघडल्यावरही अनेकांचे आठवड्यातले काही दिवस घरच्याच टेबलावर जातात. मुंबई-पुण्याची मंडळी लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यावर शनिवार-रविवारी येतात आणि सोमवारचं कामही तिथूनच उरकतात. हिशेबाचं काम करणारे, डीटीपी करणारे, इमारतींचे आराखडे काढणारे, वर्गात प्रोजेक्टर लावणारे शिक्षक, आधार नोंदणी केंद्रं चालवणारे अशा सगळ्यांनाच दुसरी स्क्रीन लागते. त्यांच्या तक्रारीही एकमेकींशी मिळत्याजुळत्या असतात. डावीकडचा मॉनिटर उजवीकडे असल्यासारखा वागतो. खालची पट्टी भलत्याच स्क्रीनवर जाते. एका स्क्रीनवर अक्षरं हत्तीएवढी आणि दुसरीवर मुंगीएवढी दिसतात. एखादी विंडो उघडी असल्याचं कळतं, पण ती कुठे आहे ते सापडत नाही. आणि हे सगळं काल नीट चालू होतं.

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. काल चाललेलं आज बिघडलं की आपण मॉनिटर खराब झाला असं धरून चालतो, केबल बदलतो, दुकानात नेतो, काही जण तर आख्खी सिस्टीम नव्याने टाकतात. पण मॉनिटरच बिघडला असता तर बहुधा चित्र दिसलंच नसतं. इथे चित्र दिसतं, फक्त भलत्या जागी दिसतं. म्हणजे संगणकाला मॉनिटर सापडला, पण आपण लावलेली मांडणी त्याला आठवली नाही. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की दुसरा मॉनिटर जोडणं हे निम्मं काम आहे. मॉनिटर गेला आणि परत आला तरी मांडणी जशीच्या तशी टिकेल अशी व्यवस्था करणं हे उरलेलं निम्मं, आणि त्रास बहुधा तिथलाच असतो. मावळात तर हे उरलेलं काम टाळताच येत नाही, कारण इथे मॉनिटर वारंवार ‘जातो’ आणि ‘येतो’. तो आपण काढत नाही, लाइट गेल्यामुळे जातो.

संगणक मॉनिटरला कसा ओळखतो

मांडणी टिकवायची तर ती कशाच्या आधारावर लक्षात ठेवली जाते ते आधी कळायला हवं. प्रत्येक मॉनिटरमध्ये एक छोटी चिप असते आणि तिच्यात मॉनिटरची माहिती भरलेली असते. तिला ‘ईडीआयडी’ म्हणतात. हे मानक १९९४ मध्ये आलं आणि त्याचा मूळ भाग फक्त १२८ बाइटचा आहे. त्यात बनवणाऱ्याचं सांकेतिक नाव, मॉडेलचा क्रमांक, अनुक्रमांक, बनवल्याचं वर्ष, स्क्रीनचा आकार आणि ती कोणत्या रिझोल्यूशनला चालते हे असतं. केबल जोडली की संगणक ही माहिती वाचतो. शिवाय मॉनिटर कोणत्या पोर्टला लागला आहे हेही त्याला माहीत असतं. हा फरक घराचा पत्ता आणि घरातला माणूस यांच्यातला आहे. पोर्ट हा पत्ता आणि ईडीआयडी हा माणूस. डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट, म्हणजे विंडो, पॅनेल, वॉलपेपर आणि सेटिंग्ज असं जे डोळ्यांसमोर असतं ते सगळं सांभाळणारा थर, या दोन्हींवरून किंवा दोहोंपैकी एकावरून ठरवतो की ‘हा तोच मॉनिटर आहे, याची जागा डावीकडे’.

गोंधळ सुरू होतो तो इथेच. लिनक्सवरचं ग्नोम हे डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट प्रत्येक मांडणीची नोंद एका फाइलमध्ये ठेवतं आणि त्यात पोर्टचं नाव, कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक या चारही गोष्टी लिहितं. त्यामुळे साफसफाई करताना दोन केबल अदलाबदल होऊन लागल्या तर मॉनिटर तेच असूनही जुनी नोंद जुळेलच असं नाही. केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये पॅनेल आणि वॉलपेपर भलत्या स्क्रीनवर जाण्याची तक्रार वर्षानुवर्षं होती. फेब्रुवारी २०२३ च्या ५.२७ या आवृत्तीत केडीईवाल्यांनी स्क्रीनला क्रम देण्याची पद्धत आणून हा सगळा भाग नव्याने बांधला. एवढ्या अनुभवी मंडळींना तो नव्याने बांधावा लागला यावरूनच ध्यानात येतं की प्रश्न वापरणाऱ्याच्या अडाणीपणाचा नाही. त्यात स्वस्त मॉनिटरची आणखी एक भर पडते. काहींच्या ईडीआयडीमध्ये अनुक्रमांक भरलेलाच नसतो. एकाच मॉडेलचे असे दोन मॉनिटर शेजारी ठेवले की संगणकाच्या लेखी ते जुळे भाऊ असतात आणि ओळख फक्त पोर्टवर उरते. म्हणून पहिला नियम अगदी साधा आहे. कोणती केबल कोणत्या पोर्टला आणि कोणत्या मॉनिटरला हे एकदाच ठरवा, केबलच्या दोन्ही टोकांना कागदी चिकटपट्टी लावून ‘डावा’, ‘उजवा’ असं लिहा आणि पुसण्यासाठी काढलीत तरी परत त्याच जागी लावा. बिनपैशाचा हा उपाय निम्म्या तक्रारी मिटवू शकतो.

लाइट जाते तेव्हा नेमकं काय होतं

आता मावळाच्या मूळ दुखण्याकडे येऊ. जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावरचा पाऊस, तारांवर पडणाऱ्या फांद्या, एप्रिल-मेमधल्या वळवाचे आणि ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसाचे गडगडाट, पुणे परिसरात गुरुवारी होणारी देखभालीची कामं या सगळ्यांमुळे लाइट जाणं इथे नेहमीचं आहे. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळातल्या गावांत तर तासन्‌तास जाते. लॅपटॉपला बॅटरी असते, मॉनिटरला नसते. म्हणून लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो आणि मॉनिटर काळा होतो. पण ‘काळा होणं’ दोन प्रकारचं असतं आणि ते केबलवर अवलंबून असतं.

एचडीएमआय केबलमधून संगणकच मॉनिटरला ५ व्होल्टचा बारीक पुरवठा करतो आणि ईडीआयडीची चिप त्यावर जागी राहते. त्यामुळे मॉनिटरची वीज गेली तरी बऱ्याच वेळा संगणकाला वाटतं की मॉनिटर जोडलेलाच आहे. विंडो त्या काळ्या स्क्रीनवरच राहतात. तुम्हाला त्या दिसत नाहीत, माउसचा बाण कडेला जाऊन गायब होतो आणि मीटिंगची विंडो ‘हरवते’. डिस्प्लेपोर्टवर बहुधा उलटं होतं. वीज गेली की मॉनिटर जोडल्याची खूण बंद पडते, संगणकाला वाटतं मॉनिटर काढला, आणि सगळ्या विंडो लॅपटॉपच्या स्क्रीनवर येऊन एकमेकींवर बसतात. लाइट आली की मॉनिटर परत येतो, पण विंडो आपापल्या जागी परत जातीलच याची खात्री नसते. म्हणजे ‘विंडो सापडत नाही’ आणि ‘विंडो विस्कटल्या’ या दोन तक्रारींचं मूळ एकच, फक्त केबल वेगळी. कोणती तक्रार आहे हे ओळखलंत की उपायही ठरतो.

पहिल्या तक्रारीवर कीबोर्डच कामाला येतो. विंडोज, ग्नोम आणि केडीई या तिन्हींमध्ये विंडोज-की आणि ‘पी’ एकत्र दाबलं की ‘फक्त लॅपटॉप’, ‘दोन्हीवर तेच’, ‘विस्तारित’, ‘फक्त दुसरा’ असे पर्याय येतात. लाइट गेली की ‘फक्त लॅपटॉप’ निवडायचं, आली की ‘विस्तारित’. एकटी विंडो खेचून आणायची असेल तर विंडोज आणि ग्नोम दोन्हींमध्ये विंडोज-की, शिफ्ट आणि बाणाची कळ यांनी ती शेजारच्या स्क्रीनवर जाते. माउस न दिसताही हे करता येतं, म्हणून या दोन कळा हाताला बसलेल्या असाव्यात. दुसऱ्या तक्रारीसाठी मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत एकदा डोकवा. काहींमध्ये डिस्प्लेपोर्टची ‘डीप स्लीप’ आणि इनपुट आपोआप शोधण्याची सोय बंद करता येते. त्याने लाइट जाण्यावर उपाय होत नाही, पण नुसतं चहाला उठल्यावर मॉनिटर झोपला आणि मांडणी विस्कटली हा प्रकार कमी होतो.

झाकणाचा मुद्दा मात्र याहून गंभीर आहे. पुष्कळ जण लॅपटॉप मिटून ठेवतात आणि फक्त मोठ्या मॉनिटरवर काम करतात. बाहेरचा मॉनिटर जोडलेला आहे म्हणून मिटलेला लॅपटॉप जागा राहतो. संगणकाच्या लेखी मॉनिटर गेला की ते कारणच संपतं आणि लॅपटॉप झोपी जाण्याची दाट शक्यता असते. तुमच्या बाजूने मीटिंग तुटते आणि पलीकडच्याला वाटतं तुम्ही उठून गेलात. पावसाळ्यात झाकण उघडं ठेवा, नाहीतर पॉवर सेटिंग्जमध्ये बॅटरीवर असतानाही झाकण मिटल्यास ‘काहीही करू नका’ असं निवडा. चार्जरवर असतानाचा आणि बॅटरीवरचा पर्याय वेगवेगळा असतो. लोक पहिला बदलतात आणि दुसरा विसरतात, आणि लाइट गेल्यावर लागू होतो तो दुसराच.

आधी वीज, मग केबल, शेवटी सेटिंग्ज

वरचे उपाय नुकसान आवरतात. नुकसान होऊच नये असं वाटत असेल तर मॉनिटरची वीज खंडित होता कामा नये, आणि हे वाटतं तेवढं खर्चिक नाही. २४ इंची एलईडी मॉनिटर साधारण २० ते ३० वॉट खातो, म्हणजे साध्या पंख्याहूनही कमी. घरात इन्व्हर्टर असेल तर बऱ्याचदा पंखे-दिवेच त्याच्या लाइनवर असतात आणि टेबलाजवळचा प्लग साध्या लाइनवर राहतो. वायरमनला बोलावून तेवढा एक प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. मग इन्व्हर्टरच्या मागचं ‘यूपीएस’ मोडचं बटण पाहा. साध्या मोडमध्ये वीज बदलताना लागणारा क्षणभराचा वेळ पंख्याला जाणवत नाही, पण मॉनिटर त्यात विझून परत पेटू शकतो आणि त्या एका लुकलुकीने मांडणी उडते. यूपीएस मोडमध्ये हा बदल बराच झटकन होतो. इन्व्हर्टर नसेल तर संगणकाला लावतात तो ६०० व्हीएचा यूपीएस मॉनिटरसाठी आणि वायफाय राउटरसाठी घ्या. त्यात सहसा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-अवर. प्रत्यक्षात त्यातले निम्मे हाती लागले तरी एक मॉनिटर आणि राउटर तासभर चालायला हरकत नाही. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी असल्याने त्याचा भार यूपीएसवर टाकू नका. मात्र गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करणं पुरेसं नसतं, प्लगच काढून ठेवावा.

विजेनंतर केबल आणि पोर्ट. लोणावळ्याच्या दमट हवेत कनेक्टरच्या धातूवर थर चढतो आणि सैल बसलेली पिन क्षणभर सुटून परत लागते. संगणकाच्या दृष्टीने तेही ‘मॉनिटर काढला, मॉनिटर लावला’ असंच असतं. पाऊस नसताना मॉनिटर लुकलुकत असेल तर केबल पूर्ण बसली आहे का ते पाहा आणि दुसरी केबल लावून बघा. व्हीजीएचं एचडीएमआय करणारे स्वस्त कन्व्हर्टर टाळा. त्यांतले काही ईडीआयडी पुढे पोचवतच नाहीत आणि मग चांगल्या मॉनिटरवरही १०२४ गुणिले ७६८ असं जाडसर चित्र अडकून बसतं. नवा मॉनिटर यूएसबी-सीला लावणार असाल तर आधी लॅपटॉपची माहिती तपासा, कारण प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र जात नाही. फोरके मॉनिटर जुन्या एचडीएमआय १.४ पोर्टवर सेकंदाला ३० चित्रांपुरताच चालतो आणि माउस जड वाटतो. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट लागतो. डिस्प्लेलिंक जातीचे यूएसबी डॉक लिनक्सवर वेगळ्या ड्रायव्हरने चालतात आणि कर्नल अपडेट झाल्यावर तो ड्रायव्हर अडू शकतो, म्हणून लिनक्सवाल्यांनी शक्यतो थेट पोर्टच वापरावा. गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचा पोर्ट बऱ्याचदा एनव्हिडियाच्या चिपला जोडलेला असतो. तिथे त्या चिपचा ड्रायव्हर नीट चालू नसेल तर केबल किती वेळा बदलली तरी बाहेरचा मॉनिटर उजळत नाही.

हे दोन थर भक्कम झाल्यावरच सेटिंग्जकडे या. हा क्रम उलटा केला की आपण तासभर स्क्रीनच्या चौकटी ओढत बसतो आणि सैल पिन सगळं पुन्हा उधळते.

डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट कोणतं निवडायचं

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी इथे खरी निवड आहे आणि ती सवयीवर न सोडता मॉनिटरवर बेतलेली बरी. चित्र स्क्रीनवर आणणाऱ्या दोन व्यवस्था आहेत. एक्स११ ही १९८७ ची आणि वेलँडचं काम सुरू झालं ते २००८ मध्ये. एक्स११ सगळे मॉनिटर मिळून एकच मोठा कॅनव्हास मानते आणि अक्षरांच्या आकाराचं मापही व्यवहारात एकच ठेवते. वेलँड प्रत्येक मॉनिटरला वेगळं माप देऊ शकते. हा फरक किती मोठा आहे ते अगदी साध्या जोडीत दिसतं. १४ इंची लॅपटॉप आणि २४ इंची मॉनिटर, दोन्ही १९२० गुणिले १०८०. लॅपटॉपवर इंचाला सुमारे १५७ ठिपके पडतात, मॉनिटरवर सुमारे ९२. म्हणजे तेच अक्षर मॉनिटरवर पावणेदोनपटीच्या आसपास मोठं दिसतं. लॅपटॉपवर वाचता यावं म्हणून माप वाढवलं की एक्स११ मध्ये मॉनिटरवरची अक्षरं अवाढव्य होतात. वेलँडवर लॅपटॉपला १५० टक्के आणि मॉनिटरला १०० टक्के ठेवलं की दोन्हीकडे एकसारखं वाचता येतं. तेव्हा मॉनिटरचे आकार किंवा रिझोल्यूशन वेगवेगळे असतील तर वेलँडवरचं ग्नोम किंवा केडीई प्लाझ्मा घ्यावं. फेडोरा या लिनक्स वितरणाने ग्नोमसाठी २०१६ मध्येच वेलँड मूळ पर्याय केला आणि प्लाझ्माने २०२४ च्या सहाव्या आवृत्तीत. दोन मॉनिटर सारखे असतील किंवा संगणक जुना असेल तर एक्सएफसीई किंवा लिनक्स मिंटचं सिनॅमन हे डेस्कटॉप एक्स११ वर आजही उत्तम चालतं. एक्सएफसीईच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये मांडणीला नाव देऊन साठवताही येतं.

मराठीत काम करणाऱ्यांनी मापाकडे अधिकच बारकाईने पाहायला हवं. १२५ टक्के असं अपूर्णांकातलं माप लावलं की एक्स११ साठी लिहिलेले जुने प्रोग्राम वेलँडवर कधी कधी धूसर दिसतात. रोमन लिपीत ते खपून जातं. देवनागरीत अनुस्वार, रफार, उकार ही बारीक चिन्हंच अर्थ ठरवतात आणि धूसर स्क्रीनवर ‘सुत’ आणि ‘सूत’ यांत गल्लत होते. डीटीपी करणाऱ्याने किंवा जमिनीचे कागद टंकणाऱ्याने ज्या स्क्रीनवर मजकूर तपासायचा तिचं माप नेमकं १०० किंवा २०० टक्के ठेवावं आणि अपूर्णांक लागलाच तर तो दुसऱ्या स्क्रीनला द्यावा.

मग उरतात छोट्या पण रोज टोचणाऱ्या गोष्टी. डिस्प्ले सेटिंग्जमधल्या चौकटी टेबलावर मॉनिटर जसे आहेत तशाच लावा, उंचीसकट. लॅपटॉप खाली आणि मॉनिटर वर असेल तर चौकटही वर ठेवा, नाहीतर माउस कोपऱ्यात अडकतो. मुख्य स्क्रीन कोणती हे आवर्जून ठरवा, कारण पॅनेल आणि सूचना तिथे येतात. ग्नोममध्ये वर्कस्पेस बदललं तरी दुसऱ्या मॉनिटरवरचं काही हलत नाही अशी तक्रार असते. तो बिघाड नसतो. मल्टिटास्किंगच्या सेटिंग्जमध्ये वर्कस्पेस फक्त मुख्य स्क्रीनवर ठेवायचं की सगळ्यांवर, हे तुम्हीच निवडायचं असतं. लॉगिनची चौकट भलत्या स्क्रीनवर येत असेल तर लॉगिन स्क्रीन तुमच्या खात्याची मांडणी वाचत नाही हे त्याचं कारण. ग्नोममध्ये तुमची मांडणीची फाइल लॉगिन स्क्रीनच्या जागी नकलून ठेवली की काम होतं.

आधार केंद्रं आणि शाळा यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. आधार नोंदणीत टंकलेली माहिती अर्जदाराला स्वतः वाचून तपासता यावी म्हणून दुसरा मॉनिटर ठेवायचा असतो. तिथे ‘दोन्हीवर तेच’ हाच योग्य पर्याय. फक्त अशा वेळी दोन्ही स्क्रीन सहसा दोघींना जमेल त्या कमी रिझोल्यूशनवर येतात, म्हणून अर्जदारासमोर अगदी जुना मॉनिटर ठेवला तर ऑपरेटरचं कामही जाड अक्षरांत अडकतं. शाळेत उलट ‘विस्तारित’ बरं. धडा प्रोजेक्टरवर आणि शिक्षकाच्या नोंदी लॅपटॉपवर राहतात, आणि हजेरीपत्रक किंवा आलेला निरोप भिंतीवर झळकत नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरं

एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: हे सगळं लिनक्सचं दुखणं आहे, विंडोज घ्या आणि मोकळे व्हा. पण वीज गेल्यावर केबलमधून जाणारी खूण विंडोजलाही तशीच मिळते. विंडोज ११ मध्ये २०२१ साली ‘मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोंची जागा लक्षात ठेवा’ असा पर्याय मुद्दाम दिला गेला, यावरूनच त्याआधी तिथेही हाच त्रास होता हे दिसतं. तुम्ही विंडोज ११ वर असाल तर तो पर्याय चालू आहे ना हे पाहा आणि त्याच्या शेजारचा, मॉनिटर सुटल्यावर विंडो मिटवण्याचा पर्यायही समजून घ्या. सिस्टीम बदलून मांडणीचा प्रश्न सुटत नाही, फक्त त्याचं बटण दुसऱ्या मेनूत जातं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दोन मॉनिटर हवेतच कशाला, एकच मोठा रुंद मॉनिटर आणि तीन-चार वर्कस्पेस पुरेसे नाहीत का? अनेकांना ते खरोखरच पुरतील. ३४ इंची, ३४४० गुणिले १४४० चा एक मॉनिटर घेतला तर जुळ्या ईडीआयडीचा, उंचीचा, दोन वेगळ्या मापांचा प्रश्नच उरत नाही. लिखाण, हिशेब, कोडिंग असं काम एकट्याने करणाऱ्याने नव्या खरेदीआधी याचा विचार जरूर करावा. तरी लॅपटॉप वापरणाऱ्यासाठी एक मॉनिटर म्हणजेही दोन स्क्रीनच असतात, आणि लाइट गेली की तो एकटाही जातो. मीटिंगमध्ये एक स्क्रीन दाखवायची आणि दुसरी खाजगी ठेवायची असेल, किंवा अर्जदाराला, वर्गाला काही दाखवायचं असेल, तर दोन वेगळ्या स्क्रीनला पर्याय नाही. मॉनिटरची संख्या कमी केल्याने काम सोपं होतं, पण मांडणी टिकवण्याची गरज उरतेच.

तिसरा आक्षेप आळसाचा वाटतो, पण तो प्रामाणिक आहे: रोज दोन मिनिटं जातात, माउसने ओढून लावतो, एवढी उस्तवार कशाला? दोन मिनिटंच जात असती तर प्रश्न नव्हता. मांडणी विस्कटते ती नेमकी ग्राहक पलीकडे बोलत असताना किंवा रांगेत माणसं उभी असताना, आणि त्या वेळी लक्ष जातं ते परत यायला फार वेळ लागतो. शिवाय दोन ठिकाणी काम करणाऱ्याचं तर माउसने भागतच नाही. मुंबईच्या घरी एक मॉनिटर, लोणावळ्याच्या बंगल्यावर दुसरा असेल तर दोन्हींची वेगळी नोंद हवी. ग्नोम आणि केडीई मॉनिटर ओळखून आपापली नोंद लावतात, एक्सएफसीईत नावाने साठवता येते, आणि एक्स११ वर ‘ऑटोरँडर’ नावाचं साधन ईडीआयडी पाहून ठरलेली मांडणी आपोआप लावतं. प्रत्येक ठिकाणी एकदा नीट मांडणी लावून ती कायम ठेवली की पुढच्या शनिवारी केबल जोडणं एवढंच काम राहतं.

आता हे सगळं आपल्याकडे झालं आहे का, हे तपासायची एक खात्रीची रीत आहे. पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यात, महत्त्वाचं काम नसताना तीन-चार विंडो नेहमीच्या जागी उघडा आणि मॉनिटरचा प्लग भिंतीतून काढा. लॅपटॉप झोपला का, विंडो कुठे गेल्या, मीटिंगची विंडो कीबोर्डने परत आणता आली का, हे पाहा. मिनिटभराने प्लग लावा आणि सगळं जागेवर आलं का ते बघा. मग मेन स्विच बंद करून हेच पुन्हा करा, म्हणजे इन्व्हर्टर किंवा यूपीएस किती झटकन घेतो तेही कळेल. त्यानंतर लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करा आणि लॉगिनची चौकट कुठे येते ते पाहा. जिथे अडेल तो थर वरच्या क्रमाने दुरुस्त करा: वीज, मग केबल-पोर्ट, मग ड्रायव्हर, मग डेस्कटॉपची सेटिंग्ज. चांगल्या मांडणीचा मोबाइलने एक फोटो काढून ठेवा, केबलवरच्या चिठ्ठ्या त्यात दिसतील असा. घरातल्या दुसऱ्या कुणाला किंवा दुरुस्तीला आलेल्या माणसाला तो दाखवला की समजावत बसावं लागत नाही. ही परीक्षा मे महिन्यात पार पडली तर जुलैत लाइट किती वेळा गेली याची काळजी महावितरणने करावी. तुमच्या टेबलावरचं काम त्यामुळे थांबणार नाही.